टोपी खाणारा घोडा आणि लाबिशचे फार्स

एका फ्रेंच नाटकात लग्नाच्या दिवशी सकाळी फादिनार नावाच्या नवरदेवाचा घोडा एका बाईची इटालियन गवती टोपी खातो. बाई विवाहित, सोबत लष्करातला प्रियकर. टोपीशिवाय घरी गेली तर नवऱ्याला काय सांगणार? मग तश्शीच टोपी शोधत फादिनार पॅरिसभर पळतो आणि मागून आठ घोडागाड्या भरून अख्खं वऱ्हाड. टोपीच्या दुकानात शिरलं की वऱ्हाडाला वाटतं, लग्न लागायचं ते नगरभवन हेच! शेवटी काखेत कळसा निघतो: बहिऱ्या काकांनी आहेरात तशीच टोपी आणलेली असते.

पॅरिसच्या पॅले-रॉयाल नाट्यगृहाच्या रंगमंचावर १४ ऑगस्ट १८५१ रोजी आलेल्या या नाटकाचे लेखक यूजीन लाबिश आणि मार्क-मिशेल. लाबिश १८१५ चा, पॅरिसचा, कारखानदाराचा मुलगा. कायदा शिकला, पण रमला नाटकात. तेव्हाचं 'वोदविल' म्हणजे ओळखीच्या चालींवरची गाणी आणि हलकीफुलकी गोष्ट. लाबिशने त्यात वेग भरला. त्याच्या नावावर १७० हून अधिक नाटकं आहेत, त्यातली एकट्याने लिहिलेली अगदी मोजकी. जोडीने लिहिणं हीच त्या धंद्याची रीत होती.

तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत पैसेवाला मध्यमवर्ग रेल्वेने हिंडायला लागला. लाबिशच्या १८६० सालच्या नाटकातला 'मस्य (म्हणजे श्रीयुत) पेरिशों' त्यातलाच. घोडागाड्या बनवून निवृत्त झालेला हा गृहस्थ बायको-मुलीसह आल्प्सला निघतो. मुलीच्या मागे दोन तरुण. एक पेरिशोंचा जीव वाचवतो. दुसरा हुशार: मुद्दाम हिमभेगेत पडतो आणि स्वतःला पेरिशोंकडून वाचवून घेतो. पेरिशोंचा लाडका अर्थातच दुसरा! ज्याने उपकार केले त्याचं तोंड नको वाटतं, ज्याच्यावर आपण केले तो गोड वाटतो. मला तरी लाबिशचं सगळ्यात बोचरं निरीक्षण हेच वाटतं. गंमत म्हणजे समोर हसणारे प्रेक्षक बहुतेक पेरिशोंच्याच जातकुळीतले.

१८७७ नंतर त्याने लेखन थांबवलं आणि फ्रान्समधल्या सोलोन्य या ग्रामीण भागातल्या आपल्या जमिनीत मन रमवलं. नाटककार एमिल ओजिएच्या आग्रहामुळे निवडक नाटकांचे दहा खंड निघाले, आणि १८८० मध्ये फ्रेंच अकादमी या मानाच्या संस्थेने या 'हलक्या' लेखकाला सदस्य करून घेतलं. १८८८ मध्ये तो वारला.

त्या टोपीच्या नाटकावर दिग्दर्शक रने क्लेरने १९२८ मध्ये चित्रपट केला, तोही मूकपट. संवाद गेले, गाणी गेली, तरी हसू टिकलं. कारण ते मुळात त्या पळापळीत होतं.