जिवाणूजन्य मस्तिष्कावरणशोथाच्या जलद चाचण्या

मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणांना जिवाणूंमुळे होणारा दाह, म्हणजेच मेनिंजायटिस, काही तासांत जिवावर बेतू शकतो. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, निकाल हाती यायला मात्र एक-दोन दिवस लागतात. तोवर मिनिटांत किंवा तासाभरात जिवाणूची ओळख पटवणाऱ्या प्रयोगशाळेतील तपासण्या या नोंदीत घेतल्या आहेत. नमुना असतो तो कमरेच्या मणक्यांमधून सुईने काढलेल्या मस्तिष्क-मेरुद्रवाचा, म्हणजे बोलीत ‘पाठीतल्या पाण्या’चा. रोग असला की ते गढूळ दिसते, त्यात पांढऱ्या पेशी शेकड्या-हजारांनी सापडतात आणि ग्लुकोज रक्तातल्या प्रमाणाच्या ४० टक्क्यांहूनही खाली जाते.

सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे १८८४ सालची ग्रॅम रंजनपद्धती. सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशींत गुलाबी जोडगोल (जोडीने राहणारे गोल जिवाणू) दिसले की मेनिंगोकॉकस, जांभळे दिसले की बहुधा न्यूमोकॉकस. आधीच अँटिबायोटिक दिलेले असेल तर जिवाणू हुकण्याची शक्यता वाढते. तरीही पाणी काढायला उशीर होणार असेल, तर तपासणीसाठी औषध थांबवायचे नसते.

लॅटेक्स चाचणीत प्रतिपिंडे चिकटवलेले सूक्ष्म मणी जिवाणूच्या आवरणातील शर्करेशी जुळून गुठळ्या धरतात. तिची एक गंमत अशी की बी गटाचा मेनिंगोकॉकस (आवरणावरून त्याचे गट पाडतात) आणि नवजातांत आढळणारा ई. कोलाय के-१ यांचे आवरण सारखेच असल्याने एकच द्रावण दोघांनाही होकार देते. मग रुग्ण नवजात आहे की मोठा, यावरून अंदाज बांधावा लागतो. मोठ्या रुग्णालयांत ही चाचणी आता मागे पडली आहे, कारण उपचार तिच्यामुळे क्वचितच बदलतात.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आफ्रिकी ‘मेनिंजायटिस पट्ट्या’त प्रश्नच वेगळा असतो. कोरड्या ऋतूत साथ उसळते तेव्हा मेनिंगोकॉकसचा गट कळला तरच योग्य लस मागवता येते. म्हणजे इथे निकालाचा खरा उपयोग रुग्णापेक्षा त्याच्या गावाला! नायजरची राजधानी निआमे येथील सर्मेस संस्था आणि पाश्चर संस्था यांनी ए, सी, डब्ल्यू-१३५ व वाय हे गट ओळखणाऱ्या चाचणी-पट्ट्या तयार केल्या. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पट्टी द्रवात बुडवली की सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे रंगीत रेघ उमटते. वीज, यंत्र काही लागत नाही.

२०१० पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनअफ्रीव्हॅक लस तिथे दिली जाऊ लागली आणि ए गट जवळजवळ नाहीसा झाला. पुढे २०१५ मध्ये नायजरमध्ये सी गटाची मोठी साथ आली. एक्स गटही डोके वर काढत होता आणि तो या मूळ पट्ट्यांच्या यादीतच नव्हता. सीरमच्याच नव्या पाच-गटी मेनफाइव्ह लशीत एक्सचा समावेश आहे.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी चाचणी, मृत जिवाणूचा डीएनएही पकडते, त्यामुळे औषध सुरू झाल्यावरही ती उपयोगी पडते. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेला, पीसीआरवरच चालणारा फिल्मअ‍ॅरे संच सुमारे तासाभरात १४ रोगकारक तपासतो. तो महाग आहे, कधी खोटा होकारही देतो, आणि कोणते अँटिबायोटिक लागू पडेल हे सांगत नाही. त्यासाठी कल्चर लावावेच लागते.