पार्श्वभूमी : भाड्याची स्वस्त घरे, चारचा एफएसआय आणि कोनची सोडत

मुंबई महानगर प्रदेशात भाड्याच्या स्वस्त घरांसाठी विकास नियंत्रण नियमावली वाकवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग २००८ मध्ये झाला. पाच वर्षांत पाच लाख घरे, प्रत्येक घर १६० चौरस फुटांचे, भाडे महिना हजार-दीड हजाराच्या आसपास, आणि ही घरे बांधून देणाऱ्या बिल्डरला चारचा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या चौपट बांधकामाची परवानगी. पुढच्या काही वर्षांत यातले 'भाडे' गळून पडले. वाढीव एफएसआय थोडा कापला गेला, पण राहिला. आज 'परवडणारी भाड्याची घरे' हा विषय पुन्हा धोरणांत येतो आहे, तेव्हा मधल्या काळात नेमके काय झाले हे माहीत असलेले बरे.

भाडेनियंत्रणाचा इतिहास इथे सविस्तर सांगत नाही. पागडी काय असते, चाळीच्या मालकाला दुरुस्ती का परवडत नाही, हे मुंबईकराला समजावण्याची गरज नाही. तीन तारखा मात्र लक्षात ठेवाव्यात. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा धंदा हळूहळू बंद पडला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी, त्या दिवशी घर ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना, म्हणजे भाडेकरूच्या हक्काविना नुसत्या परवानगीवर राहणाऱ्यांना, भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्याचा धसका घरमालकांनी इतका घेतला, की अकरा महिन्यांचा करार आणि 'मुदत संपली की एक महिना घर रिकामे करा' ही रीत त्यातूनच घट्ट झाली. ३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण जुन्या भाडेकरूंची भाडी मुळात इतकी कमी होती की चार टक्क्यांनी काही हलले नाही. देशाच्या शहरांत १९६१ मध्ये निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण पाव भागाच्या थोडे वर उरले. त्याच जनगणनेत शहरांमध्ये १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी सापडली.

सरकारने स्वतः भाड्याने घरे बांधल्याचीही उदाहरणे आहेत. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे उभ्या राहिलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी हे त्यातले सर्वांत मोठे. खोली १६० चौरस फुटांची, शौचालय मजल्यावर सामायिक.

आता नियमावलीकडे वळू. १९९१ च्या नियमावलीने शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ असा मूळ एफएसआय ठेवला. त्यानंतर कलम ३३ खाली एकेका कारणासाठी जादा एफएसआय देणारी पोटकलमे जमत गेली : उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती, झोपडपट्ट्या, रुग्णालये, शाळा. सरकारच्या तिजोरीत पैसा नाही, जमीन महाग आहे, मग हवेतल्या मजल्यांतून पैसा काढायचा, असा हा हिशेब. १९९५ पासून झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर फुकट आणि मालकीने देण्याची योजना याच हिशेबावर चालली. पात्रतेसाठी मात्र ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागे. म्हणजे काल शहरात आलेल्या माणसाला या योजनेत जागा नव्हती. त्याने आधी झोपडी घ्यायची, ती टिकवायची आणि पुढची तारीख जाहीर होण्याची वाट पाहायची.

२००८ च्या योजनेमागचा मूळ विचार नेमका याच माणसासाठी होता, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे. नवी झोपडपट्टी होऊ द्यायची नसेल, तर नव्याने येणाऱ्याला पहिल्या काही वर्षांसाठी कायदेशीर, पक्के आणि त्याच्या पगारात बसणारे भाड्याचे घर हवे. तो पुढे कमावता झाला की बाहेर पडेल आणि घर दुसऱ्याच्या उपयोगी येईल. २००७ च्या अखेरीस राज्याने नागरी कमाल जमीन धारणा कायदा रद्द केला होता. केंद्राच्या नागरी नूतनीकरण अभियानाचा पैसा मिळवायचा तर ती अटच होती. त्यामुळे प्रदेशात मोठमोठे भूखंड एकदम मोकळे झाले होते आणि बिल्डरांना ते कुठे वापरायचे हा प्रश्न होताच. दोन्ही गरजा एकाच नियमात बांधल्या गेल्या.

नियम असा होता. खासगी भूखंडावर एकूण चारचा एफएसआय. त्यातला पाव भाग भाड्याच्या घरांसाठी, ती घरे बांधून त्याखालच्या जमिनीसह मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला फुकट द्यायची. उरलेला पाऊण भाग बिल्डरने बाजारभावाने विकायचा. चार हजार चौरस मीटरचा, म्हणजे साधारण एकराचा भूखंड घेऊ. एरवी एकच्या एफएसआयने बिल्डरला विकायला चार हजार चौरस मीटर बांधकाम मिळाले असते. योजनेत सोळा हजार मिळते. त्यातले चार हजार प्राधिकरणाला गेले तरी विकायला बारा हजार उरते, तिप्पट. प्राधिकरणाच्या वाट्याला जिने, लिफ्ट, बोळ वजा जाता अंदाजे दीड-दोनशे खोल्या. कागदावर सरकारचा एक रुपया न जाता घरे उभी राहिली. पाणी, मलनिःसारण आणि रस्ता यांचा बोजा मात्र महापालिकांवर पडला. ठाणे आणि मीरा-भाईंदरसारख्या शहरांत आधीच पाण्याची ओरड होती. एकचा एफएसआय गृहीत धरून टाकलेल्या वाहिन्यांवर चारचा एफएसआय कसा चालणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

इथे झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचे हे ठरवणाऱ्या कायद्यातली एक गंमत नोंदवावी लागते. मंजूर विकास आराखड्यात अधूनमधून बदल करण्याची वाट राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ मधून जाते, आणि तिथली अट अशी, की बदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. हरकती-सूचनांना साधारण महिना मिळतो. एकेक पोटकलम वेगळे पाहिले तर प्रत्येक बदल 'किरकोळ' दिसतो. एकावर एक ठेवले की आराखड्यातला एकचा आकडा नावालाच उरतो. वीस वर्षांचा आराखडा करायला दहा वर्षे घालवायची आणि मग एका राजपत्राने त्यातली घनता चौपट करायची, याला नियोजन म्हणणे कठीण आहे.

१६० चौरस फुटांवरून टीका खूप झाली. दहा बाय सोळाची जागा, त्यातच ओटा, त्यातच शौचालय. पाच माणसांचे कुटुंब यात कसे राहणार, ही उभी झोपडपट्टीच होणार, असे म्हटले गेले. टीका चुकीची नव्हती, पण एकांगी होती. एकटा राहणारा कामगार किंवा नुकतेच लग्न झालेले जोडपे याच आकाराच्या, किंवा याहून लहान खोलीसाठी खासगी बाजारात किती तरी पट भाडे आणि वर डिपॉझिट भरत होते. आकाराइतकाच जागेचा प्रश्न होता आणि त्यावर बोलणे कमी झाले. घरे कुठे बांधायची हे बिल्डरच्या भूखंडावरून ठरत होते. जिथे जमीन स्वस्त आणि विक्रीच्या फ्लॅटला भाव बरा, तिथे योजना गेली : ठाण्याच्या कडेला, मीरा-भाईंदर, विरार, कल्याण, पनवेलच्या परिसरात. पहाटे कामावर पोचायचे असलेल्या हमालाला किंवा घरकामाच्या बाईला तिथले हजार रुपयांचे घर रेल्वे-रिक्षाच्या खर्चासह कितीला पडते, हा हिशेब नियमावलीत कुठे नव्हता.

दुसरी मोठी त्रुटी व्यवस्थापनाची. दर महिन्याला हजारो घरांचे भाडे कोण गोळा करणार, थकले तर काय करणार, मुदत संपल्यावर घर रिकामे कसे करून घेणार, लिफ्ट बंद पडली तर कोणाला फोन करायचा? रस्ते आणि पूल बांधणाऱ्या प्राधिकरणाकडे याची यंत्रणा नव्हती आणि ती उभी करण्याची घाईही कोणाला दिसली नाही. इमारती तयार होऊ लागल्या, पण भाडेकरू निवडण्याची पद्धत तयार नव्हती.

आणि मग तो निर्णय, ज्यावर अजून वाद आहे. २०१० च्या अखेरीस राज्याचे नेतृत्व बदलले. योजनेचा फायदा बिल्डरांनाच होतो आहे, असा सूर सरकारमधूनच निघू लागला. पुढच्या काही वर्षांत योजना टप्प्याटप्प्याने बदलली. चारचा एफएसआय तीनवर आला, १६० ऐवजी मोठ्या घरांची भाषा सुरू झाली, 'भाड्याची घरे' जाऊन 'परवडणारी घरे' आली, म्हणजे विक्रीची. जी तयार होती किंवा होत होती, त्यांची वाटणी ठरली : निम्मी गिरणी कामगारांना, बाकीची संक्रमण शिबिरे (तात्पुरत्या निवाऱ्याची घरे), सरकारी कर्मचारी वगैरेंसाठी. ठाण्यातल्या अशा इमारतींत धोकादायक इमारतींतून बाहेर काढलेली कुटुंबे नेऊन ठेवली गेली. ती सोय खरोखर उपयोगी पडली, हे नाकारता येणार नाही.

निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे साधे होते. घरे रिकामी पडून सडण्यापेक्षा कोणाच्या तरी कामी येऊ द्या. त्यातही गिरणी कामगारांचा हक्क कोण नाकारणार? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, २००१ च्या नियमबदलाने गिरण्यांच्या जमिनीतला गृहनिर्माणाचा वाटा आक्रसला, आणि घरासाठी अर्ज केलेल्या कामगार-वारसांची संख्या दीड लाखाच्या आसपास गेली. त्यांना द्यायला शहरात जमीन उरली नव्हती. मग शहरात त्यांच्या वाट्याची जमीन मॉलला आणि टॉवरला गेली त्याची भरपाई पनवेलला, दुसऱ्या गरिबासाठी बांधलेल्या घरांतून करण्यात आली. एका गटाचे देणे दुसऱ्या गटाच्या ताटातून फेडले, असेच याचे वर्णन करावे लागेल. फरक इतकाच की गिरणी कामगारांच्या संघटना होत्या, मोर्चे होते. शहरात अजून यायच्या असलेल्या भाडेकरूची संघटना नसते, आणि मतदार यादीत नावही नसते.

शिवाय ज्या अटीवर जादा एफएसआय दिला ती अट सरकारनेच सोडून दिली, पण त्या एफएसआयवर बांधलेले विक्रीचे टॉवर जिथल्या तिथे राहिले. सार्वजनिक हितासाठी झोनिंगमध्ये सूट दिली आणि नंतर हितच बदलले, तर सुटीचे काय करायचे, याचे उत्तर कोणत्याच अधिसूचनेत नाही.

कोनमध्ये हे सगळे एका ठिकाणी पाहायला मिळते. पनवेलजवळच्या या गावातल्या भाडे योजनेच्या घरांसाठी डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांची सोडत निघाली. २,४१७ घरे, किंमत ६ लाख रुपये. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर. म्हणजे भाड्याची दोन घरे गेली तेव्हा मालकीचे एक झाले. ताबा लांबत गेला, आणि तो मिळण्याआधी २०२० चा करोना आला. इमारती विलगीकरण केंद्रासाठी घेण्यात आल्या. परत मिळाल्या तेव्हा घरांची दुरवस्था झालेली होती, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर दोन सरकारी यंत्रणांत बराच काळ पत्रव्यवहार चालला. सोडतीत नाव लागलेले कामगार तोवर सत्तरी-पंचाहत्तरीला पोचले होते.

त्याच २०२० च्या उन्हाळ्यात लाखो मजूर शहरे सोडून पायी निघाले. जुलैमध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना जाहीर केली. एक भाग रिकाम्या सरकारी घरांचा. नागरी अभियानात बांधून पडून असलेली ८३ हजारांहून अधिक घरे देशभर होती, त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा. दुसरा भाग झोनिंगचा : मोकळ्या जागेवर भाड्याची घरे बांधणाऱ्याला ५० टक्के जादा एफएसआय विनाशुल्क, वापरबदलाची सोय, झटपट परवानगी, आणि २५ वर्षे घरे भाड्यानेच देण्याची अट. ही २५ वर्षांची अट २००८ च्या नियमात असती तर कदाचित कोन झाले नसते. रिकाम्या घरांपैकी प्रत्यक्षात भाड्याने गेली ती काही हजारच, चंदीगड आणि गुजरातच्या शहरांत त्यातली बरीच. इकडे कल्याण-डोंबिवलीसारख्या ठिकाणची रिकामी घरे प्रामुख्याने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी राखली गेली.

मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याने वेगळी दिशा धरली. ना-विकास क्षेत्रातल्या आणि मिठागरांच्या जमिनीचा काही भाग परवडणाऱ्या घरांसाठी खुला करण्याची तरतूद झाली, दहा लाख घरांचा आकडा सांगितला गेला. पर्यावरणवाद्यांचा आक्षेप मिठागरांवर होता आणि तो रास्त आहे. पावसाचे पाणी साठायला जागा कुठे, हे २००५ च्या महापुरानंतर मुंबईला विचारायला नको. पण घरे भाड्याची की विक्रीची, या प्रश्नाची चर्चा त्या गदारोळात मागे पडली.

दरम्यान बीडीडी चाळींचे काय झाले? ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांचा ताबा दिला गेला. १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर. रहिवाशांना ते मिळायलाच हवे होते. तरी शहरातला सरकारी मालकीचा सर्वांत मोठा भाड्याचा साठाही अशा रीतीने मालकीत जातो आहे.

२०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणात नोकरदार महिला, विद्यार्थी आणि औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे, कामाच्या जागेजवळ घर असावे हेही आहे. त्यात काही गटांसाठी आधी दहा वर्षे भाड्याने आणि त्यानंतर मालकीने, अशीही तरतूद आहे. अकराव्या वर्षी शहरात येणाऱ्या कामगाराला मग कोणते घर भाड्याने द्यायचे, हे नियमावलीतल्या पुढच्या फेरबदलावर सोडलेले दिसते.