तिखटाच्या डब्यातला निपाणीकर

मार्च-एप्रिलमध्ये बेळगावच्या घराघरांतून तिखट कांडपाला जातं. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हात वाळवायची, देठं खुडायची, डंकावर नंबर लावायचा आणि वर्षाचा डबा भरून फडताळात ठेवायचा. आमच्या शेजारच्या काकूंनी गेल्या श्रावणात तो डबा उघडला, तर तिखटातून बारीक तांबूस किडे चाललेले. "मुंग्या झाल्यात बघ की," म्हणत त्यांनी डब्याभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली. किडे आतल्या आत मजेत राहिले.

त्या मुंग्या नव्हत्याच. दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी, फुगीर पाठीचा किडा आणि डोकं खाली वाकवलेलं, जणू शाळेत अंगठे धरून उभा आहे. हा तंबाखूचा भुंगेरा, शास्त्रीय नाव लासिओडर्मा सेरिकॉर्ने. निपाणीच्या वखारींतल्या लोकांना तो चांगलाच माहीत असतो. साठवलेल्या तंबाखूला भोकं पाडून तिची भुकटी करणारा तो हाच.

निकोटिन हे मुळात तंबाखूच्या झाडाने किड्यांना दूर ठेवण्यासाठी तयार केलेलं विष आहे. एकेकाळी त्याचीच फवारणी कीटकनाशक म्हणून होत असे. मग हा किडा तंबाखू खाऊन जगतो कसा? काही निकोटिन तो सरळ विष्ठेतून बाहेर टाकतो. शिवाय त्याच्या आतड्यालगतच्या पेशींत यीस्टसारखी बुरशी राहते. ती अन्नातली विषारी द्रव्यं निष्प्रभ करायला मदत करते आणि कोरड्या, निकस खाण्यात नसलेली जीवनसत्त्वंही पुरवते. इतकी सोय असल्यावर मिरचीचा तिखटपणा त्याला काय करणार! हळद, धणे, सुंठ, बिस्किटं, क्वचित जुन्या पुस्तकांची बांधणी, त्याला सगळं चालतं.

खरं नुकसान उडणारा किडा करत नाही. तो जेमतेम काही आठवडे जगतो आणि फारसं खातही नाही. खाते ती पांढरी, केसाळ, वाकडी अळी. म्हणून डब्यावर फिरणारे चार किडे चिरडून काही साधत नाही. किडलेलं तिखट टाकून द्यावं. डबा गरम पाण्याने धुऊन, झाकणाच्या खाचा टाचणीने कोरून, कडक वाळवावा. नवीन तिखट लहान पाकिटांत भरून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवलं तर अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. फ्रिजच्या नुसत्या गारव्यात त्या लवकर मरत नाहीत, वाढ थांबवून बसून राहतात.

तांदळातले सोंडे वेगळे. त्यांची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून लुकण लावते. तांदूळ उन्हात पसरला की मोठे सोंडे पळतात, पण दाण्याच्या पोटातली अळी तिथेच असते. पंधरा-वीस दिवसांनी "पुन्हा कुठून आले?" असं आपण विचारतो. ते कुठे गेलेच नव्हते.

याच वैतागात अनेक घरांत एक घातक गोष्ट घडते. पोत्यात टाकायला म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी आणली जाते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या गोळीतून सुमारे एक ग्रॅम. आमच्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही, आणि दारं-खिडक्या बंद असतात त्याही तेव्हाच. या विषावर उतारा नाही. कायद्यानेही ही गोळी घरात वापरायची परवानगी नाही. ते प्रशिक्षित माणसांचं काम आहे. धान्याच्या खोलीलगत माणसं झोपत असतील तर गोळीचा विचारही करू नये.

झुरळांत दोन जाती ओळखता आल्या तरी पुष्कळ. मोरीतून, गटारातून येणारं बोटभर लांब, तांबडं ते अमेरिकन. जाळी बसवली, भेगा बुजवल्या की त्याची वाट बंद होते. फ्रिजच्या मोटरमागे आणि मिक्सरखाली वसती करणारं, मानेवर दोन काळे पट्टे असलेलं छोटं ते जर्मन. नाव जर्मन असलं तरी 17 देशांतल्या झुरळांच्या जनुकांवरून 2024 मध्ये असं दिसलं, की ही जात सुमारे 2,100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळी झाली. म्हणजे तो आपलाच माणूस, विलायतेला जाऊन आलेला.

जर्मन झुरळावर फवारा मारला की ते पांगतं आणि शेजारच्या कपाटात नवीन बिऱ्हाड करतं. त्यापेक्षा जेलचे बारीक ठिपके बिजागरीजवळ लावावेत. जेल खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा खाणारी पिल्लंही मरतात. पण अमेरिकेत काही ठिकाणी झुरळांनी गोड जेलला तोंड लावणंच सोडलं. 2013 मध्ये कारण उलगडलं: त्यांच्या तोंडावरच्या चवीच्या पेशींना ग्लुकोज कडू लागत होतं. गोडाने भुललेली मेली आणि न भुललेल्यांची पिढी वाढली.

उंदरांच्या बाबतीत आधी लेंड्या बघाव्यात. जिऱ्याएवढ्या असतील तर पिटुकला घरउंदीर. त्याला पेन्सिल शिरेल एवढी फट पुरते, म्हणून फटीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावावं. अर्धा इंच आणि टोकं निमुळती असतील तर कौलांवरून, माळ्यावरून फिरणारा काळा उंदीर. अंगणात मातीचे ढीग दिसले तर घूस. खानापूरकडे भातशेतीतल्या घुशी आपल्या बिळात धान्याचा साठा करतात. भात कापून झालं की त्यातल्या काही वस्तीकडे वळतात.

काळा उंदीर नव्या वस्तूला भितो. पिंजरा पहिले दोन-तीन दिवस उघडाच ठेवून आत भाकरीचा तुकडा टाकावा, मग तो लावावा. झिंक फॉस्फाइडसारखं झटपट विष थोडं खाऊन उंदीर आजारी पडला तर त्या चवीला पुन्हा शिवत नाही. ब्रोमाडायोलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत, परिणाम काही दिवसांनी होतो, म्हणून उंदराला संशय येत नाही. मात्र तोच उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही धोका असतो.

आणि जी भिंतीला चिकटून चीं-चीं करत पळते, जिच्या तोंडाला लांब सोंड आणि अंगाला कस्तुरीसारखा उग्र वास आहे, ती उंदीर नव्हेच. ती चिचुंद्री. कपडे-वायर कुरतडणारे उंदराचे पटाशीचे दात तिला नाहीत. तिचं मुख्य खाणं किडे आणि झुरळं. तिला हात लावू नये, रोगजंतू तिच्याही अंगावर असतात. पण झाडू घेऊन मागे लागायचं कारण नाही. आमच्या मागच्या मोरीत रात्री दिवा लावला, तेव्हा एकदा ती पिल्लांसह निघाली होती. पहिल्या पिल्लाने आईच्या शेपटीचं मूळ दातांत धरलेलं, दुसऱ्याने पहिल्याचं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. अशी आगगाडी धुण्याच्या दगडाला वळसा घालून गेली. काकू दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. "जाऊ दे की," म्हणाल्या.