पेटीमागचा डीपी: जलद चार्जिंगच्या जाळ्यासाठी पैसा कुठून आला?

२६ मे २०१७. ऐन उन्हाळ्यात नागपूरच्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या सुमारे २०० वाहनांचा ताफा उतरला. हा ओलाचा प्रयोग होता आणि त्यातल्या टॅक्सी होत्या महिंद्राच्या छोट्या ई२ओ प्लस. शहरात चार ठिकाणी मिळून पन्नासेक चार्जिंग पॉइंट बसवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या नागपुरातल्या एका पेट्रोल पंपावरही चार्जिंग सुरू झालं. देशातल्या पेट्रोल पंपांवरचं ते पहिलंच. काही महिन्यांतच चालकांच्या तक्रारी बातम्यांत येऊ लागल्या: चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास जातात, धंदा करायचा कधी? टॅक्सीवाल्याची कमाई तासांवर ठरते. गाडी परवडते की नाही, हे गाडीच्या किमतीपेक्षा रांगेच्या लांबीवर अवलंबून असतं, हे नागपूरनं सगळ्यांत आधी दाखवून दिलं.

त्या वेळी चार्जिंग स्टेशन टाकणं कायदेशीर आहे का, हाच प्रश्न उघडा होता. वीज कायदा २००३ नुसार वीज वितरणाला किंवा विजेच्या व्यापाराला परवाना लागतो. मग पंपावर गाडीत वीज भरून पैसे घेतले, तर ती वीजविक्री झाली का? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं १३ एप्रिल २०१८ रोजी खुलासा केला की बॅटरी चार्ज करून देणं ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, म्हणून परवाना नको. या एका खुलाशानं खासगी पैशाला दार उघडलं. पण ‘सेवा’ हा शब्द पुढे महागात पडला. घरच्या विजेवर जीएसटी नाही, सेवेवर मात्र आहे. कर लागतो की नाही हे व्यवहाराआधीच सांगणाऱ्या कर्नाटकातल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणानं २०२३ मध्ये सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो, असाच निर्णय दिला. घराखाली स्वतःची जागा नसलेला, सार्वजनिक चार्जरवर अवलंबून असलेला माणूस त्याच युनिटला जास्त पैसे मोजतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

दुसरा घोळ प्लगचा. सुरुवातीला सरकारनं ‘भारत डीसी-००१’ हे मानक आणलं. क्षमता १५ किलोवॅट, आणि तेही कमी व्होल्टेजच्या गाड्यांसाठी. सरकारी खात्यांसाठी ईईएसएल या केंद्राच्या ऊर्जाबचत कंपनीनं २०१७ मध्ये १०,००० गाड्यांची निविदा काढली होती. त्यातल्या ई-व्हेरिटो आणि टिगोर यांना हा चार्जर चालत होता. पण जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटांच्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०० व्होल्टच्या पुढची होती आणि तिचा प्लग युरोपात रुळलेला सीसीएस-२ होता. सरकारी पैशातून बसलेले कितीतरी १५ किलोवॅटचे चार्जर अशा गाड्यांच्या कामाचे राहिले नाहीत.

केंद्राच्या डिसेंबर २०१८ च्या पहिल्या मार्गदर्शक सूचनांनी तर प्रत्येक सार्वजनिक स्टेशनवर पाच प्रकारचे चार्जर सक्तीचे केले होते. त्यात चाडेमो हे जपानी मानकही होतं. (या नावात चहा दडलाय. गाडी चार्ज होईतो चहा घ्यायचा का, अशा अर्थाच्या जपानी वाक्यावरची ती कोटी आहे.) चाडेमोचा प्लग असलेली गाडी आपल्या बाजारात जवळजवळ नव्हतीच, तरी तो चार्जर विकत घ्यायचा! ऑक्टोबर २०१९ मध्ये सक्ती उठली आणि कोणता चार्जर ठेवायचा हे चालवणाऱ्यावर सोपवलं गेलं. त्याच सूचनांमधलं अंतराचं गणित मात्र आजही सगळीकडे ऐकू येतं: शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकटीत एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक स्टेशन.

आता पैशाचं. ६० किलोवॅटचा चार्जर चोवीस तास पूर्ण क्षमतेनं चालला, तर दिवसाला १,४४० युनिट विकू शकतो. समजा, महामार्गावर दिवसाला चार गाड्या येतात आणि प्रत्येक २० युनिट भरून घेते. झाले ८० युनिट, म्हणजे क्षमतेच्या साडेपाच टक्के. युनिटमागे ८ रुपये सुटतात असं धरलं, तरी दिवसाची मिळकत ६४० रुपये. यातून जागेचं भाडं, देखभाल, इंटरनेट, माणूस आणि कर्जाचा हप्ता भागवायचा. गाड्या वाढल्या की हिशेब जुळेल, हे खरं. पण चार्जर दिसत नाहीत तोवर लोक गाडी घेत नाहीत. मधली तोट्याची वर्षं कुणीतरी अंगावर घ्यायला हवीत. या जाळ्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा बदललेली गोष्ट म्हणजे हा ‘कुणीतरी’.

एस्टोनियानं याचं उत्तर वेगळ्याच ठिकाणी शोधलं. या चिमुकल्या देशानं आपल्या वाट्याचा शिल्लक कार्बन उत्सर्जनाचा कोटा जपानच्या मित्सुबिशीला विकला. त्यातून सामाजिक कार्यकर्त्यांसाठी ५०७ इलेक्ट्रिक गाड्या आल्या आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये १६५ जलद चार्जरचं देशभराचं जाळं सुरू झालं. गाड्यांच्या आधी चार्जर, तेही संपूर्ण देशात. पण खरेदीचं अनुदान संपलं तशी गाड्यांची विक्री कोसळली आणि चार्जर ग्राहकांची वाट पाहत राहिले.

आपल्याकडे सुरुवातीला सगळा भर गाडीच्या किमतीवर होता. २०१५ च्या फेम या केंद्राच्या ई-वाहन अनुदान योजनेत चार्जिंग नावापुरतंच होतं. २०१९ च्या फेम-२ मध्ये १०,००० कोटींपैकी १,००० कोटी चार्जिंगसाठी ठेवले. ६८ शहरांत २,८७७ आणि द्रुतगती मार्ग व महामार्गांवर १,५७६ स्टेशनं मंजूर झाली. मात्र मंजुरीच्या मानानं प्रत्यक्ष उभारणी फारच मागे राहिली. त्याच काळात खासगी पैसा मात्र आला. टाटा मोटर्सच्या गाड्यांसोबत टाटा पॉवरचे चार्जर पसरले आणि एमजी या मोटार कंपनीनं आपल्या वितरकांकडे ५० किलोवॅटचे चार्जर बसवले. ज्याला गाडी विकायची, तोच चार्जरचा तोटा सोसत होता.

मार्च २०२३ मध्ये केंद्रानं मोर्चा पेट्रोल पंपांकडे वळवला. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी मंजूर झाले. तेव्हा देशात साधारण ६,५८६ स्टेशनं होती, म्हणजे एका फटक्यात दुपटीहून जास्त. निवड शहाणपणाची होती, कारण पंपाकडे मोक्याची जागा, दिवे आणि स्वच्छतागृह असतंच. पंपाकडे जे नसतं, ती मोठ्या भाराची वीजजोडणी.

माझ्या मते सगळी गोष्ट इथेच अडली आहे. ६० किलोवॅटचे दोन चार्जर लावायचे, तर सव्वाशे किलोवॅटचा भार मंजूर करून घ्यावा लागतो. पंपाच्या जुन्या जोडणीवर तो झेपत नाही. ११ केव्हीच्या, म्हणजे ११,००० व्होल्टच्या लाइनवरून वेगळी तार ओढा, रोहित्र, म्हणजे आपला डीपी, बसवा, मीटरची पेटी लावा. लाइन दोन किलोमीटरवर असेल तर खांबही अर्जदारानंच उभारायचे. मग गाडी येवो न येवो, मंजूर भारावरचा स्थिर आकार दर महिन्याच्या बिलात हजर. नवा कोरा चार्जर, त्यावर प्लास्टिकचं आवरण आणि मागे जोडणीच नाही, हे दृश्य महामार्गावरून जाणाऱ्यांना अनोळखी नसेल. चार्जरची पेटी फोटोत येते. खर्च आणि विलंब मात्र तिच्या मागच्या तारेत असतो.

धोरणाला हे उमगायला वेळ लागला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं २०१८ मध्येच चार्जिंगसाठी वेगळा ग्राहकवर्ग केला, हे आपल्या राज्याचं श्रेय. केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांनी एकेरी वीजदर सुचवला, म्हणजे वापराल तेवढ्याचेच पैसे. महानगरांत ७, इतर शहरांत १५ आणि ग्रामीण भागात ३० दिवसांत जोडणी द्यायची मुदत घातली. सरकारी जागा युनिटमागे एक रुपया वाटा घेऊन देण्याची सोय केली. नंतर दिवसा, सौर वीज असते त्या वेळी, दर स्वस्त ठेवायचं ठरलं.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी चार्जिंगला दिले आहेत. दहाव्या हिश्शावरून वाटा पाचव्या हिश्शाजवळ गेला. मोटारींसाठी लक्ष्य २२,१०० जलद चार्जरचं आहे. सप्टेंबर २०२५ च्या नियमांत अनुदानाची रचनाच उलटी झाली. सर्वांना खुल्या असलेल्या सरकारी आवारात सगळा खर्च सरकारचा. रेल्वे स्थानकं, विमानतळ, तेल कंपन्यांचे पंप, टोलनाके अशा ठिकाणी तारा आणि रोहित्राला ८० टक्के, चार्जरला ७० टक्के. मॉल किंवा बाजारसंकुलात चार्जरला काहीच नाही, पण वीजजोडणीच्या खर्चाला ८० टक्के. पेटी धंदेवाल्यानं घ्यावी, डीपीचा भार सरकारनं उचलावा, असा हा हिशेब आहे. तो दहा वर्षं आधी मांडला गेला असता तर बरं झालं असतं.

महाराष्ट्रानं २०२१ च्या धोरणात मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, मुंबई-नागपूर आणि पुणे-नाशिक हे चार मार्ग चार्जिंगसज्ज करायचं ठरवलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या १२,१४६ सार्वजनिक स्टेशनांपैकी ३,०७९ आपल्याकडे होती, पहिला क्रमांक. वर्ष संपेपर्यंत कर्नाटक ५,७०० च्या वर गेलं आणि आपण ३,७०० च्या आसपास राहिलो. या आकड्यांत संथ चार्जरही मोजलेले असतात, त्यामुळे लांबच्या प्रवासाला उपयोगी किती हे त्यातून समजत नाही.

२०२५ च्या राज्य धोरणानं समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी जाहीर केली. हा रस्ता जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे टप्प्यासह पूर्ण खुला झाला, लांबी ७०१ किलोमीटर. दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक, या मापानं त्यावर ५६ ठिकाणं हवीत. रस्ता मुद्दाम गावांपासून दूर आखलेला आहे, त्यामुळे जवळ आयती ११ केव्ही लाइन असेलच असं नाही. प्रत्येक ठिकाणी खांब, तार आणि रोहित्र नव्यानं न्यावं लागेल.