हृदयाचे इंधन आणि वर्षानुवर्षांची औषधे : पार्श्वभूमी

हृदयाच्या स्नायूत एटीपीची (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची) शिल्लक जेमतेम काही सेकंदांची असते. म्हणून ते सतत बनवावे लागते, बहुतांश मेदाम्ले जाळून आणि उरलेले ग्लुकोज, लॅक्टेट, कीटोन यांच्यावर. दुबळ्या हृदयात क्रिएटिन (ऊर्जा साठवून ठेवायला लागणारा पदार्थ) कमी असते, हे हर्मन आणि डेचर्ड यांनी १९३९ मध्येच नोंदवले होते. तरी औषधांची पारख मात्र हृदय किती जोराने आकुंचन पावते यावरच होत राहिली.

एक अडचण साधनांची होती. लँगेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये प्राण्याचे हृदय शरीराबाहेर, महाधमनीतून उलट द्रव सोडून धडधडत ठेवले. पण त्यातले एटीपी मोजायला ऊतक गोठवून कुटावे लागे. १९७० च्या दशकात फॉस्फरसच्या चुंबकीय अनुनादाचे मापनतंत्र आले आणि चालत्या हृदयातले एटीपी, क्रिएटिन फॉस्फेट न चिरता दिसू लागले.

खरा धक्का बीटा-ब्लॉकरने दिला. ही औषधे आकुंचन मंदावतात, त्यामुळे दुबळ्या हृदयाला ती वर्ज्य मानली जात. १९७५ मध्ये वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये ७ रुग्णांना ती महिनोन्‌महिने दिली, आणि हृदयाचे काम सुधारले. उलट जोर वाढवणाऱ्या मिल्रिनोनच्या गोळ्यांनी १९९१ च्या चाचणीत मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले. पहिल्या तासाचा परिणाम आणि सहाव्या महिन्याचा परिणाम यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही, हे तेव्हा कुठे पटले. म्हणूनच प्राण्यांना दीर्घकाळ औषध देण्याचे प्रयोग महत्त्वाचे ठरले. हृदयविकाराचा झटका घडवलेल्या उंदरांना कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध सतत दिल्यावर ते जास्त जगले, हे फेफर यांच्या गटाने १९८५ मध्ये दाखवले.

थेट इंधनावरच घाव घालणारी औषधेही आली. पेरहेक्सिलीन मेदाम्लांना मायटोकाँड्रियात (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात) शिरू देत नाही; मात्र यकृताला आणि मज्जातंतूंना होणाऱ्या इजेमुळे ते मागे पडले. गंमत म्हणजे, २०१९ मध्ये झटका घडवलेल्या, मधुमेह नसलेल्या डुकरांना एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध दोन महिने दिले, तेव्हा हृदय ग्लुकोज सोडून कीटोन आणि मेदाम्लांकडेच वळले, आणि तरी सुधारले. मेदाम्ले जाळणे कमी करावे की वाढवावे, यावर अजून एकमत नाही.

प्राणी कोणता, यावरही बरेच ठरते. छोट्या उंदराचे हृदय मिनिटाला ५००-६०० ठोके देते; माणसाशी तुलना करायला डुक्कर जास्त जवळचे.