नृत्याची नोंद आणि नृत्यफिल्म: फरक नेमका कुठे आहे

एखादा नृत्यप्रयोग तीन कॅमेऱ्यांनी टिपला, मन लावून संकलन केलं, रंगही सुधारले, तरी त्याची नृत्यफिल्म होत नाही. ती नोंदच राहते, आणि त्यात कमीपणा काही नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पडद्यावर जे घडतं ते त्याच क्रमाने आणि तेवढ्याच वेळात मंचावर करता येईल का? येत असेल तर ती नोंद. येत नसेल, म्हणजे रचनेचा काही भाग कॅमेऱ्याने आणि कटने केलेला असेल, तर ती नृत्यफिल्म.

अमेरिकन प्रयोगशील चित्रपटकार माया डेरेन हिची 1945 सालची 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा' ही जेमतेम तीन मिनिटांची 16 मिमीवरची मूकफिल्म आजही सर्वात स्वच्छ उदाहरण आहे. नर्तक टॅली बीटी जंगलात पाय उचलतो आणि तो टेकतो घराच्या खोलीत. पाऊल एकच, जागा दोन. शेवटची झेप तर अनेक शॉट जोडून इतकी लांबवली आहे, की कुठल्याही शरीराला तेवढा वेळ हवेत राहता येणार नाही. ती झेप संकलनाच्या टेबलावर घेतलेली आहे.

नोंदीचं तंत्र थोडक्यात सांगता येतं. एक कॅमेरा प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला, मध्यावर, अख्खा मंच दिसेल असा लावायचा आणि प्रयोग संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दुसरा कॅमेरा नर्तकांच्या हालचालीबरोबर फिरवायचा, पण पावलं फ्रेमबाहेर जाऊ द्यायची नाहीत. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने ठरवून ठेवायचे. ऑटोवर ठेवले तर मंचावर अंधार झाला की चित्र दाणेदार होतं आणि लाल प्रकाशात कातडीचा रंग भरकटतो. आवाज थेट ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवरून घ्यायचा. क्लोज-अप हवे असतील तर रंगीत तालमीत वेगळे घ्यावेत. प्रयोग चालू असताना घेतलेला क्लोज-अप बहुतेक वेळा कलाकार वळल्यानंतरच फोकसमध्ये येतो.

नृत्यफिल्मला याच्या उलट शिस्त लागते. हालचालीचे तुकडे पाडायचे, पण प्रत्येक तुकडा हवा त्याच्या दोन-तीन सेकंद आधी सुरू करून दोन-तीन सेकंद पुढे न्यायचा. कट हालचालीच्या मध्यावर बसतो. ती थांबल्यावर कापलं तर दोन पोझचे फोटो शेजारी ठेवल्यासारखं दिसतं. दोन्ही शॉटमध्ये दिशा आणि वेग जुळायला हवा. फ्रेम तंतोतंत जुळवूनही कट उडी मारतोय असं वाटलं, तर दोन-तीन फ्रेम गाळून किंवा पुन्हा वापरून पाहावं. सेकंदाला 50 फ्रेमने घेऊन 25 ने, म्हणजे स्लो मोशनमध्ये, दाखवायचं असेल तर सेटवर संगीत दुप्पट वेगाने वाजवायचं, म्हणजे पडद्यावर ताल मूळ लयीत बसतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबलाइटखाली शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवावं. 120 फ्रेमवर गेलात की प्रकाश लुकलुकतो आणि ते नंतर साफ करणं जिकिरीचं होतं. आणि प्रत्येक कट समेवर टाकू नये, पाचव्या कटला प्रेक्षक पुढचा ओळखतो.

नर्तकांची शरीरं वेगवेगळ्या घडणीची असतील, तेव्हा हा फरक तंत्रापुरता राहत नाही. सेलेस्ट डँडेकर आणि अ‍ॅडम बेंजामिन यांनी 1991 मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या कँडोको या संचात अपंग आणि अपंगत्व नसलेले नर्तक एकत्र नाचतात. त्यांची 1994 ची 'आउटसाइड इन' (नृत्यरचना व्हिक्टोरिया मार्क्स, दिग्दर्शन मार्गारेट विल्यम्स) सुरू होते ती चेहऱ्यांपासून: एक चुंबन एका चेहऱ्याकडून दुसऱ्याकडे सरकत जातं. मंचापासून वीस-पंचवीस फुटांवर बसलेल्याला ही रचना दिसलीच नसती. शिवाय कोण चाकाच्या खुर्चीत आहे हा प्रश्नही तिथे पहिला येत नाही.

हे साधण्यासाठी आधी कॅमेऱ्याची उंची बदलावी लागते. सवयीने ट्रायपॉड उभ्या माणसाच्या डोळ्यांइतका, दीडेक मीटरवर लागतो. खुर्चीतल्या नर्तकाचे डोळे साधारण 1.1 ते 1.2 मीटरवर, तर हातांवर चालणाऱ्याचे त्याहून बरेच खाली असतात. उंची तीच ठेवली तर हे शरीर सबंध फिल्मभर वरून, लहान दिसतं. दुसरी चूक फ्रेमच्या कडेची. खुर्चीची चाकं कापली तर चाकाच्या कड्यावरचे हात जातात, आणि तेच तर त्या नर्तकाचं पाऊल असतं.

शॉटचा क्रम त्याहून नाजूक आहे. नसलेल्या अवयवाच्या क्लोज-अपने सुरुवात केली तर पुढची सगळी फिल्म 'याला काय झालं?' याचं उत्तर बनते. तोच शॉट शेवटापर्यंत लपवला तर चमत्कृती होते, जी मला जास्त खटकते. पूर्ण शरीर लवकर, साध्या वाइड शॉटमध्ये काही सेकंद दाखवून टाकावं. मग हवे तितके तुकडे करायला मोकळे. लंगडती चाल स्लो मोशनमध्ये टाकण्याचा मोहही आवरावा, कारण तिची खरी लय तिथेच मरते. खुर्ची वळवायला लागणारा वेळ संकलक 'मोकळी जागा' समजून उडवतात. मग त्या नर्तकाला उरलेल्यांच्या गतीने नाचावं लागतं. नोंदीत निदान हा वेळ शाबूत राहतो, एवढी तिची बाजू घ्यायलाच हवी.

आवाजाचंही तसंच. कुबडीची टकटक, टायरची घासण, श्वास यांना नोंद करणारा गोंगाट समजून दाबतो. नृत्यफिल्ममध्ये हे आवाज संगीत बंद ठेवून, माइक फूटभर अंतरावर धरून वेगळे घ्यावेत, आणि त्या जागेची नुसती शांतताही अर्धा मिनिट घ्यावी. ती नसली तर दोन आवाजांच्या मध्ये भोक पडतं.

महोत्सवाला पाठवताना प्रवेशाचे नियम नीट वाचा. नृत्यफिल्मचे अनेक महोत्सव मंचप्रयोगाची नोंद स्वीकारत नाहीत, मग ती कितीही कॅमेऱ्यांनी घेतलेली असो. उलट संस्थेला अनुदानासाठी किंवा पुढच्या कलाकाराला रचना शिकवण्यासाठी काही द्यायचं असेल, तर तो मागचा, हात न लावलेला कॅमेराच कामाला येतो.