व्हॅल्यू आणि नाव: डायनॅमिक ॲलियसचा नेहमीचा घोळ

‘कॉलमचं नाव व्हेरिएबलमधून कसं द्यायचं?’ हा एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवायच्या भाषेचा, प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. सोबत तीच ओळ जोडलेली असते: सिलेक्ट रक्कम ॲज @नाव. आणि तक्रारही तीच, की डेटाबेस सिंटॅक्स एरर देतो, बहुतेक व्हर्जनचा प्रॉब्लेम असावा. व्हर्जन बिचारं ठीक असतं.

ॲलियस, म्हणजे रिझल्टमधल्या कॉलमला दिलेलं दुसरं नाव, सगळ्यांना येतो. रक्कम ॲज विक्री लिहिलं की रिझल्टच्या डोक्यावर ‘विक्री’ येतं. पॅरामीटरही सगळ्यांना येतो. व्हेअर महिना = ? लिहायचं आणि चालवताना महिना भरायचा. घोळ होतो तो ही दोन माहीत असलेली कामं एकमेकांत मिसळताना. प्रश्नचिन्ह महिन्याच्या जागी चालतं, तर नावाच्या जागीही चालेल असं वाटतं. ते चालत नाही, कारण पॅरामीटर म्हणजे व्हॅल्यूची जागा आणि ॲलियस म्हणजे नाव. डेटाबेसच्या लेखी या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांच्याशी गाठ पडण्याची वेळही वेगळी आहे.

क्वेरी पोचली की डेटाबेस आधी ती नुसती वाचतो. कुठलं टेबल, कुठले कॉलम, रिझल्टमध्ये किती कॉलम येणार, त्यांची नावं काय, टाइप काय, हे सगळं तेव्हाच पक्कं होतं. तोवर एकाही ओळीला हात लागलेला नसतो. रिझल्टचा साचा आधी ठरतो, त्यात ओळी मागून ओतल्या जातात, आणि पॅरामीटरमधल्या व्हॅल्यू या ओतण्याच्या वेळी कामाला येतात. साचा आधीच घट्ट झालेला असल्याने व्हॅल्यूला त्याचं नाव बदलता येत नाही. प्रिपेअर केलेली, म्हणजे आधीच वाचून तयार ठेवलेली क्वेरी दहा वेगळ्या व्हॅल्यूंनी दहा वेळा चालवता येते ती याचमुळे.

एक प्रयोग करून बघा. सिलेक्ट ? लिहा आणि प्रश्नचिन्हात ‘रक्कम’ हा शब्द भरा. रक्कम कॉलममधले आकडे येणार नाहीत, प्रत्येक ओळीत ‘रक्कम’ हा शब्द छापून येईल. डेटाबेसला तो शब्द म्हणजे पाच हजार किंवा १२ मार्चसारखीच एक व्हॅल्यू.

एरर आली तर नशीब समजा. खरा त्रास एरर न येणाऱ्या ठिकाणी होतो. ओळींचा क्रम लावायला ऑर्डर बाय ? लिहून त्यात कॉलमचं नाव भरणारे मी कित्येक पाहिलेत. मायएसक्यूएल, पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये क्वेरी विनातक्रार चालते आणि सगळ्या ओळी एकाच ठरलेल्या शब्दावर लावते, म्हणजे लावतच नाही. टेस्टच्या चार ओळी योगायोगाने बरोबर क्रमात दिसतात आणि कोड पुढे जातो.

एसक्यूएल सर्व्हरचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचा, सापळा याहून छान आहे. तिथे सिलेक्ट विक्री = रक्कम असं लिहूनही ॲलियस देता येतो. ते पाहून कोणीतरी सिलेक्ट @नाव = रक्कम लिहितं. एरर नाही, काही नाही. फक्त रिझल्टच येत नाही, कारण ते ॲलियस देणं नसून व्हेरिएबलमध्ये रक्कम भरणं आहे. टेबलावरून फिरून शेवटी @नाव मध्ये कुठल्यातरी एका ओळीची रक्कम उरते. ॲलियसच्या या बरोबर-चिन्हाच्या पद्धतीवर माझा राग आहे तो यासाठीच. ॲज लिहा, दोन अक्षरं वाचवून कोणाचं भलं झालेलं नाही.

अवतरणचिन्हांचा गोंधळ त्यामानाने किरकोळ. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये दुहेरी अवतरण म्हणजे नाव, एकेरी म्हणजे व्हॅल्यू. मायएसक्यूएलमध्ये एरवी दोन्ही अवतरणं व्हॅल्यूचीच, नावाला बॅकटिक (`). एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावाला चौकोनी कंस. एकदा पाठ करा, विषय संपला.

‘मग पिव्होटमध्ये, म्हणजे ओळींमधल्या व्हॅल्यूंचे आडवे कॉलम करताना, महिन्यांचे कॉलम आपोआप कसे येतात?’ येत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पिव्होट २००५ पासून आहे, पण कंसातली महिन्यांची यादी हातानेच लिहावी लागते. पोस्टग्रेसमध्ये हेच काम करणाऱ्या क्रॉसटॅबलाही बाहेर येणाऱ्या कॉलमांची नावं आणि टाइप आधी सांगावे लागतात. पोस्टग्रेसला क्वेरी पाठवणाऱ्या पीएसक्यूएल या प्रोग्राममधली क्रॉसटॅबव्ह्यू कमांड आपोआप कॉलम पाडते खरी, पण ते काम क्लायंटवर, म्हणजे क्वेरी पाठवणाऱ्या बाजूला होतं, ओळी हातात आल्यानंतर. सर्व्हरवर साचा आधी, ओळी नंतर, हा क्रम तिथेही मोडलेला नाही.

माझं मत विचाराल तर नाव बदलणं हे क्लायंटचंच काम आहे. क्वेरीतून रक्कम_१, रक्कम_२ अशी ठरलेली नावं पाठवा आणि शीर्षक रिपोर्टला लावू द्या. शीर्षक डेटावर अवलंबून असेल तर तेही एक कॉलम म्हणून पाठवा: एका कॉलमात महिना, दुसऱ्यात रक्कम. मी स्वतः एकदा हौसेने कॉलमला चालू महिन्याचं नाव दिलं होतं. जानेवारीत सगळ्यांनी कौतुक केलं. १ फेब्रुवारीला तो रिझल्ट वाचणारा प्रोग्राम कोसळला, कारण तो ‘जानेवारी’ नावाचा कॉलम शोधत होता.

तरीही नाव सर्व्हरवरच बदलायचं असेल तर एकच रस्ता: दोन पायऱ्या. पहिल्या पायरीत क्वेरीचा मजकूर जोडून तयार करायचा, दुसरीत तो नवी क्वेरी म्हणून चालवायचा. मायएसक्यूएलमध्ये प्रिपेअर आणि एक्झिक्यूट, ओरॅकलमध्ये एक्झिक्यूट इमिजिएट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल. इथेही तीच फारकत पाळायची. मजकुरात जोडायचं ते फक्त नाव, व्हॅल्यू पॅरामीटरनेच जाऊ द्यायच्या. एकदा मजकूर जोडायला बसलोच आहोत म्हणून व्हेअरमधली व्हॅल्यूही चिकटवून टाकणारे लोक एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे व्हॅल्यूच्या आडून परक्याने क्वेरीत आपला हुकूम घुसवण्याला, घरचं आमंत्रण देतात.

नावाभोवती कंस किंवा अवतरण हाताने जोडू नका, कारण नावातच ते चिन्ह आलं की क्वेरी फुटते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी कोटनेम हे फंक्शन आहे, पण १२८ अक्षरांपेक्षा लांब नाव दिलं की ते नल, म्हणजे ‘व्हॅल्यूच नाही’, देतं आणि अधिकच्या चिन्हाने जोडलेला सगळा मजकूर नल होतो. पोस्टग्रेसमध्ये फॉरमॅट फंक्शन आहे, त्यात टक्क्याच्या चिन्हापुढे आय लिहिलं की नाव, एल लिहिलं की व्हॅल्यू. हा एवढा घोळ ज्या फरकामुळे होतो, तो तिथे एका अक्षरात आहे.

आणि नावं देवनागरीत देणार असाल तर पोस्टग्रेसमध्ये लांबी मोजा. तिथे नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर ३ बाइट खातं, काना-वेलांटी वेगळी मोजून. ‘विभागनिहाय सरासरी मासिक विक्री जानेवारी’ असं शीर्षक दिलंत तर रिझल्टवर ‘विभागनिहाय सरासरी मासि’ एवढंच दिसेल. शेजारच्या फेब्रुवारीच्या कॉलमवरही तेच.